टपोरा तरी मोकळा

पुलाव करायचा म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा बासमतीचा डबा उघडला जातो. लग्नातला असो, वाढदिवसाचा असो की हॉटेलातला मटार पुलाव असो, दाणा लांब दिसला नाही तर यजमानाने हात आखडता घेतला असं लोक मनात म्हणतात. तुर्कस्तानात घरोघरी होणाऱ्या पिलावात मात्र लांब दाण्याला काही मान नाही. तिथला दाणा आखूड, जाडसर, पोटात भरलेला. शिजल्यावर तो लांबत नाही, फुगतो. आणि एवढा फुगूनही शेजारच्या दाण्याला चिकटत नाही. तुर्की पिलावाची सगळी परीक्षा याच एका गोष्टीत आहे. मसाला नाही, भाजी नाही, केशर नाही, तळलेला कांदासुद्धा नाही. तांदूळ, लोणी, मीठ, पाणी आणि मूठभर शेवया. लपायला जागाच नाही.

आता हा तांदूळ कुठला? तुर्कस्तानातला बराचसा भात पिकतो तो ग्रीसच्या सीमेलगत, मेरिच नदीच्या खोऱ्यात. एदिर्ने आणि त्याच जिल्ह्यातलं इप्साला ही तिथली भाताची नावाजलेली गावं. पिलावासाठी दोन वाण हमखास घेतले जातात, बाल्दो आणि ओस्मानजिक. ओस्मानजिक एदिर्नेच्या कृषी संशोधन संस्थेने तयार केला. त्याच्या नावापुढे 97 हा आकडा लागतो, तो 1997 या वर्षाचा. बाल्दो मुळात इटलीचा, आणि गंमत इथेच आहे. इटलीत याच बाल्दोचा रिसोत्तो करतात. रिसोत्तो म्हणजे आपल्या मऊ खिचडीच्या वळणाचा, पळीने ओघळणारा भात. तोच दाणा इटलीत ओघळतो आणि इस्तंबूलमध्ये मोकळा राहतो. वाण एक, पदार्थ दोन. फरक आहे तो हाताचा. इटालियन माणूस तांदूळ धूत नाही आणि शिजताना सारखा ढवळत राहतो, म्हणजे दाण्यावरचं पीठ सुटून दाट होईल. तुर्की गृहिणी तो चोळून चोळून धुते आणि पाणी घातल्यानंतर त्याला हात लावत नाही. एवढं कळलं की पिलावाचं निम्मं शास्त्र कळलं.

म्हणून हा पिलाव आपल्याकडे, मध्य रेल्वेवरच्या कोपरला करायचा तर इटलीतून पाकीट मागवायची गरज नाही, चांगला तांदूळ जवळच पिकतो. कोपर स्टेशन दुमजली आहे. खाली मध्य रेल्वेच्या धीम्या लोकल थांबतात आणि डोक्यावरून दिवा-वसई मार्ग आडवा जातो. वरच्या फलाटावरून वसईकडे निघालं की खाडी ओलांडून भिवंडी रोड, मग खारबाव, कामण रोड. भिवंडीहून रस्त्याने उत्तरेला गेलं की वाडा. हा तालुका 1 ऑगस्ट 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता, आता पालघर जिल्ह्यात आहे. वाडा कोलम तिथला. स्थानिक लोक त्याला झिनी म्हणतात आणि 2021 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. अर्थात वाण्याकडे वाडा कोलम म्हणून जे जे विकलं जातं ते सगळं वाड्याचंच असतं असं समजू नये. कोलम हे नाव आता बारीक दाण्याच्या निम्म्या तांदळांना लागतं. कुणी सुरती कोलम म्हणतो, कुणी लचकारी.

दुकानात विचारायचा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो बहुतेक वेळा वाणीच आपल्याला विचारतो: "काकू, जुना देऊ की नवा?" उत्तर ठाम असावं. जुना. भात कापणीनंतर सहा महिने, वर्षभर पडून राहिला की दाण्यात बदल होतात. त्यातली प्रथिनं आणि पेशींच्या भिंती कडक होतात, दाणा पाणी जास्त पितो आणि शिजताना त्याच्यातून पीठ कमी सुटतं. नव्या तांदळाचा भात गोळा होतो, तो शिजवणारीच्या हाताचा दोष नव्हे. भाकरीला, पेजेला, मोदकाच्या उकडीला नवा तांदूळ छान, कारण तिथे चिकटपणा हवाच असतो. पिलावाला नको.

चिकटपणाचं मूळ पिष्टात असतं. तांदळाचं पिष्ट दोन तऱ्हेच्या रेणूंचं बनलेलं. अमायलोज हा सरळ साखळीचा, तर अमायलोपेक्टिन फांद्या फुटलेला. अमायलोज जास्त असेल तर भात सुटा होतो आणि गार झाला की कडक पडतो. अमायलोपेक्टिन जास्त असेल तर तो मऊ, चिकट होतो. बासमती मधल्या गटात येतो. शिजल्यावर तो लांबीने जवळजवळ दुप्पट होतो, पण जाडीने फारसा वाढत नाही. बाल्दो त्याच्याहून थोडा चिकटपणाकडे झुकलेला आणि म्हणूनच चावायला रसदार. मग आपल्या दुकानातला कुठला तांदूळ त्याच्या जवळचा? टपोरेपणा बघायचा तर इंद्रायणी. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोर-157 आणि आयआर-8 यांच्या संकरातून हा वाण निघाला आणि 1987 साली बाजारात आला. दाणा भरीव, पण स्वभावाने चिकट आणि वर आंबेमोहोराचा वास. पिलावात तो वास लोण्याच्या आड येतो. कोलमचा दाणा अंगाने बारीक, पण मोकळा राहण्यात पटाईत. माझं मत असं: रोजच्या घाईत जुना कोलम घ्यावा. इंद्रायणी घ्यायची तर जुनीच घ्यावी, आणि पाच-सहा पाण्यांनी धुवायची तयारी असेल तरच. खुद्द आंबेमोहोर या कामाला नको, तो फार लवकर फुटतो. उकडा तांदूळही नको. त्याचं पिष्ट गिरणीतच एकदा शिजून बसलेलं असतं, त्यामुळे लोणी आणि पाणी त्याच्यात नीट मुरत नाही.

आता धुणं. तांदूळ खोलगट भांड्यात घेऊन त्यावर कढत पाणी ओतायचं. हाताला चटका बसेल न बसेल इतपत. त्यात सढळ हाताने मीठ घालायचं आणि वीस ते तीस मिनिटं झाकून ठेवायचं. हे पाणी आधणाइतकं उकळतं असलं तर दाण्याचा वरचा थर शिजायला लागेल, कारण साठ-पासष्ट अंशांच्या पुढे तांदळाचं पिष्ट फुगून पाणी धरू लागतं. कोमट पाण्यात मात्र दाणा शिजत नाही, नुसता पाणी पितो. आतपर्यंत ओला झालेला दाणा पुढे एकसारखा शिजतो. बाहेरून गळालेला आणि आतून कच्चा असा राहत नाही. मीठही आत जातं. मग हे पाणी ओतून देऊन नळाखाली चोळत धुवायचं. पहिलं पाणी ताकासारखं येतं, तिसरं-चौथं धुरकट, आणि तळाची रेघ दिसू लागली की थांबायचं. दाण्यावरचं सुटं पीठ गेलं. चाळणीत दहा-पंधरा मिनिटं निथळू द्यायचं. ओला तांदूळ लोण्यात टाकला तर तो परतला जात नाही, वाफवला जातो.

आतापर्यंतचं वाचून मसालेभात करणाऱ्या बाईला हसू येईल. तांदूळ धुऊन रोळीत निथळत ठेवा, तुपावर परता, वर आधणाचं पाणी घाला, झाकण ठेवा, हे तर ती वर्षानुवर्षं करत आली आहे. ते खरंच आहे. तुर्की स्वयंपाकात पिलावाच्या तीन वाटा सांगतात. तांदूळ आधी परतून मग पाणी घालायचं ती एक. लोणी-मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात तांदूळ सोडायचा ती दुसरी. भरपूर पाण्यात अर्धवट शिजवून, पाणी काढून टाकून मग वाफेवर ठेवायचा ती तिसरी. आपल्याकडे या तिन्ही आहेत. पहिला मसालेभात. दुसरा आधणातला साधा भात. तिसरा म्हणजे कोकणात पेज काढून वेळलेला भात. इराणात आणि आपल्या बिर्याणीत तिसरी वाट राजरस्ता झाली, तर आजच्या तुर्की घरात पहिली जास्त चालते. भिवंडी-कल्याणच्या मुसलमान घरांत होणारा यखनी पुलावही, मटणाच्या पाण्यात तांदूळ मुरवून शिजवतात म्हणून, पिलावाच्या जवळचा नातलग. तेव्हा हाताला नवं काही शिकायचं नाही. शिकायचं ते एवढंच, की गोडा मसाला डब्यातच राहू द्यायचा. आणि हे वाटतं तितकं सोपं नाही.

प्रत्यक्ष कृतीत प्रमाण असं. दोन वाट्या जुना कोलम, अर्धी वाटी मोडलेल्या शेवया, तीन मोठे चमचे लोणी आणि एक चमचा तेल, तीन वाट्या उकळतं पाणी, चवीपुरतं मीठ, लिंबाचे चार थेंब. तुर्कस्तानात जवाच्या दाण्याएवढ्या बुटक्या शेवया मिळतात, त्यांचं नाव शेहरिये. आपल्याकडे त्या शोधत फिरू नये. खिरीसाठी मिळणाऱ्या, न भाजलेल्या बारीक शेवया नखाएवढ्या मोडून घेतल्या की काम होतं. लोण्याऐवजी साजूक तूप चालेल का? चालेल. सीरियाच्या सीमेजवळच्या उर्फा भागात कढवलेलं लोणी, म्हणजे तूपच, स्वयंपाकात मानाने वापरतात. मात्र आपलं रवाळ, खमंग कढवलेलं तूप घातलं की पिलाव वरणभाताची आठवण करून देतो. तो वास नको असेल तर पांढरं किंवा पिवळं लोणीच बरं. तेल अशासाठी, की लोण्यातला दुधाचा अंश लवकर करपतो.

जाड बुडाच्या पातेल्यात लोणी वितळलं की आधी शेवया. मंद आचेवर हलवत राहायचं. बराच वेळ काही होत नाही, आणि मग एकदम रंग चढायला लागतो. बदामी, मग तांबूस. तांबड्या विटेच्या रंगाच्या अलीकडे थांबायचं, कारण पातेलं गरम असतं आणि शेवया त्यानंतरही भाजत राहतात. लगेच निथळलेला तांदूळ घालायचा, म्हणजे पातेल्याचा ताप उतरतो. आता चार-पाच मिनिटं हलक्या हाताने परतायचं. सुरुवातीला दाणे एकमेकांना धरून असतात, ओलं होतं म्हणून. मग सुटे होतात आणि कलथ्याला वाळूसारखे लागतात, आवाजही तसाच येतो. प्रत्येक दाण्यावर स्निग्धाचा पातळ थर बसला, कडा किंचित दुधाळ दिसल्या, की पाणी. पाणी उकळतंच हवं. गार पाणी घातलं तर भांड्याचं तापमान कोसळतं, पुन्हा उकळी येईपर्यंत दाणे अर्धवट गरम पाण्यात लोळत राहतात आणि पीठ सोडतात. याच वेळी मीठ, लिंबाचे थेंब. लिंबाने भात पांढरा राहतो. नळाच्या जड पाण्यात तांदळातली रंगद्रव्यं पिवळसर होतात, आंबटपणा ते होऊ देत नाही. एकदाच ढवळायचं, पाण्याची चव बघायची आणि झाकण. पाणी किंचित खारट लागलं पाहिजे, म्हणजे भात बरोबर होतो.

पाण्याच्या प्रमाणावर थोडं थांबायला हवं, कारण घरात भांडणं होतात ती इथेच. "एकास दोन" हे आपण डोळे मिटून म्हणतो. पण तांदूळ स्वतः जेवढं पाणी पितो ते त्याच्या मापाच्या साधारण बरोबरीचं असतं. त्याहून जास्त जे आपण घालतो ते वाफ होऊन उडून जाण्यासाठी. आणि किती उडेल हे तांदळावर नाही, भांड्याच्या तोंडावर, झाकणाच्या घट्टपणावर आणि वेळेवर ठरतं. म्हणून दोन वाट्यांना तीन लागलं तर चार वाट्यांना सहा लागत नाही. पाच किंवा सव्वापाच पुरतं. पाहुणे आले म्हणून प्रमाण दुप्पट केलं आणि नेमका त्याच दिवशी भात गिच्च झाला, याचं कारण हेच. शिजवणाऱ्या बाईला त्या दिवशी उगाच नजर लागल्यासारखं वाटतं.

आणि कुकर? शेजारच्या काकू विचारणारच, "किती शिट्ट्या?" एकही नको. कुकरमध्ये वाफ फारशी उडत नाही म्हणून पाणी कमी लागतं, हे खरं. पण आतलं तापमान 120 अंशांपर्यंत चढतं आणि त्या दाबाखाली दाणा फुटतो. वरणाला फुटलेलं चालतं. इथे कुकरचं भांडं वापरायचंच असेल तर शिटी काढून, नुसतं झाकण ठेवून वापरावं.

उकळी आली की आच मोठीच ठेवून दोन मिनिटं, मग अगदी बारीक. बारा ते चौदा मिनिटांनी वर पाणी दिसत नाही आणि भाताला भोकं पडलेली दिसतात. त्या भोकांतून वाफ वर येत असते. गॅस बंद. आता जे करायचं ते तुर्की पिलावाचं खरं मर्म आणि आपल्या मसालेभातात आपण घाईने टाळतो ते. झाकण उघडून पातेल्याच्या तोंडावर स्वच्छ, कोरडा सुती पंचा पसरायचा, त्यावर झाकण घट्ट बसवायचं आणि पंच्याची टोकं वर घ्यायची, गॅसकडे लोंबू द्यायची नाहीत. पंधरा-वीस मिनिटं तसंच. या मुरण्याला तुर्की लोक देमलेमे म्हणतात, आणि चहा मुरवण्यालाही तोच शब्द आहे. या वेळात दोन गोष्टी होतात. झाकणावर जमलेलं पाणी थेंब थेंब भातावर पडण्याऐवजी कापड ते पिऊन घेतं. आणि तळाच्या ओल्या व वरच्या कोरड्या दाण्यांमधला पाण्याचा फरक मिटतो, फुगलेलं पिष्ट थोडं निवून घट्ट होतं. आधीच चमचा घातलात तर तेच दाणे मोडतात. पावसाळ्यात, खाडीकडून येणाऱ्या दमट हवेत, वीसचे पंचवीस करावेत. मग लाकडी पळीने, कडेकडेने, खालून वर उपसून मोकळा करायचा.

या साध्या भाताची तुर्की इतिहासातली ऐट मात्र साधी नाही. सुलतानाच्या यनिचेरी सैन्यात जेवणाची कढई हे पलटणीचं मानचिन्ह होतं. शिपायांनी कढया उपड्या केल्या म्हणजे बंड झालं असं समजायचं. त्या फौजेचा असा धाक 1826 साली सुलतान दुसऱ्या महमूदने ती मोडीत काढेपर्यंत टिकला. आणखी एक कथा पंधराव्या शतकातल्या महमूद पाशा या वजिराची. त्याच्याकडे जेवायला येणाऱ्या विद्वानांच्या पिलावात हरभऱ्याच्या दाण्यांबरोबर सोन्याचे दाणे मिसळलेले असत, आणि ज्याच्या चमच्यात जो दाणा येई तो त्याचा, असं सांगतात. सोन्याचं माहीत नाही, पण भात आणि हरभरा ही जोडी जुनी आणि लांबवर पसरलेली आहे. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'तही काबुली नावाचा एक प्रकार आहे, त्यात तांदूळ, मांस आणि सोललेले हरभरे एकत्र येतात.

आज इस्तंबूलमध्ये सोन्याशिवायचा तोच पिलाव हातगाडीवर मिळतो. नोहुतलू पिलाव, म्हणजे हरभऱ्याचा. काचेच्या पेटीत भाताचा ढीग, त्यात काबुली चणे, वर उकडून दोऱ्यासारखं सोडवलेलं कोंबडीचं मांस आणि मिरपूड. उनकापानी भाग यासाठी नावाजलेला आहे. रात्री उशिरा कामावरून परतणारी माणसं उभ्या उभ्या खातात. बरोबर मिरच्यांचं लोणचं आणि आयरान. आयरान म्हणजे दही, पाणी आणि मीठ. हिंग, कोथिंबीर, जिरं न घातलेला आपला मठ्ठा. कोपरला हे सगळं जमवायला कष्ट नाहीत. चणे रात्री भिजवून कुकरला लावा, कोंबडी आलं-लसूण न लावता नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडा आणि पिलावाला साध्या पाण्याऐवजी तेच पाणी घाला. शाकाहारी घरात चण्याचं पाणी घालावं, पण अर्धंच, नाहीतर भात करडा दिसतो.

तुर्कस्तानातही सगळ्यांना रोज तांदूळ परवडत नव्हता. अनातोलियाच्या खेड्यांत रोजचा पिलाव बुलगुरचा, म्हणजे उकडून वाळवून भरडलेल्या गव्हाचा, आणि तांदळाचा पाहुण्यांसाठी. आपला लापशीचा दलिया त्याला चालेल असं पुष्कळ जण सांगतात. चालतो, पण दलिया कच्च्या गव्हाचा असल्याने तो आधी चांगला भाजावा लागतो आणि पाणीही जास्त लागतं. सीइर्तचा पेर्दे पिलाव तर कणकेच्या पारीत बंद करून भट्टीत भाजतात. तो लग्नातला पदार्थ, एका गॅसच्या स्वयंपाकघरात त्याच्या नादी लागू नये. काळ्या मनुका, चिलगोजे, कलेजी घालून केलेला इच पिलाव मात्र सणासुदीला जरूर करून बघावा. चिलगोजे महाग पडले तर काजूचे तुकडे घाला, तुर्की माणूस बघायला येत नाही.

उरलेल्या पिलावाचं एक सांगायला हवं. शिजलेला भात उकाड्यात ओट्यावर रात्रभर ठेवू नये. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूची बीजं तांदळाबरोबरच येतात, उकळीतही ती मरत नाहीत आणि कोमट भातात वाढीला लागतात. त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. जेवणं आटोपली की तासाभरात पसरट भांड्यात गार करून तो फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी दाणा कडक झालेला असतो, कारण गार झाल्यावर अमायलोज पुन्हा घट्ट बसतं. दोन चमचे पाणी शिंपडून, झाकण ठेवून मंद आचेवर वाफ आणली की तो परत मऊ होतो. मोहरी-मिरचीची फोडणी देण्याचा मोह होतोच. मग तो सरळ फोडणीचा भात म्हणून वाढावा, लोण्यामुळे चवीला उजवा लागतो, फक्त मीठ पुन्हा घालू नये.